क्षवर्गाच्या जागी उभी असलेली चिमा

५क्ष³ − ४क्ष + ७.
यातला क्षवर्ग गेला कुठे, हा प्रश्न तुम्हालाही कधीतरी पडला असेल.

त्याला हाकललं. त्याचं नाव चिमा.
आज सकाळी घाटघरला ती वारली.

माझ्या जुन्या विद्यार्थ्यांनो, लिंक्ड लिस्ट, म्हणजे कॉम्प्युटरमधली माहितीची साखळी, मी तुम्हाला शिकवली. मी स्वतः ती कॉम्प्युटर पाहण्याच्या कितीतरी आधी शिकले, पन्नासच्या दशकात, जुन्नरच्या शाळेत.

आठवीत आम्ही चारच मुली. बहुपदी शिकवताना गणिताचे सर आम्हाला रांगेत उभं करत. प्रत्येकीच्या पाटीवर एक पद. डोळे मिटायचे आणि पुढचीचा हात धरायचा.
म्हणजे प्रत्येक नोडला, साखळीतल्या कडीला, दोनच गोष्टी ठाऊक: आपलं पद आणि पुढचीचा पत्ता.

प्रिंट करायचं म्हणजे पहिलीने आपलं पद म्हणायचं, हात दाबायचा, मग दुसरीने म्हणायचं. किती सुंदर पद्धत!

बेरजेत पद शून्य झालं की ती मुलगी बाहेर. पण मागचीने आधी हिच्या पुढचीचा हात धरायचा, मगच हिचा सोडायचा. क्रम उलटला की उरलेली सगळी पदं हरवतात.

शाळेच्या तपासणीला साहेब आले. भातलावणीत चिमाचे खाडे झाले होते.
"साहेबांसमोर चुकलीस तर पटावरून नाव काढीन," सरांनी तिला बजावलं होतं.

मी ५क्ष³. पुढे चिमा, २क्ष². मग शमीम, −४क्ष. मग नलू, ७.
"यात उणे दोन क्षवर्ग मिळवा," साहेब म्हणाले.
चिमा शून्य झाली.

नाचणी खुरपून तिचा हात खरखरीत झालेला. मला किळस यायची. मी तो झटकन सोडला. शमीमचा हात धरण्याआधीच.

"पाच क्षघन," मी म्हटलं.
पुढे कोणीच बोललं नाही.

"साखळी कोणी तोडली?" सरांनी विचारलं.
"चिमानं, सर," मी म्हटलं.
"आगं, मी तर शमीमचा हात तुज्या हातात देत व्हते!"

साहेब हसले. "डोंगरातली दिसते."
सरांनी त्याच हातावर पाच छड्या मारल्या. "जा, शेरडं राख."
ती चालत आपल्या गावी, घाटघरला गेली. पटावरचं नाव गेलं.

पुढे एकदा जुन्नरच्या बाजारात दिसली. मी लांबूनच नमस्कार केला.
"आजून हात धरवत न्हाई व्हय तुला?" ती हसून म्हणाली.
मी घाईत असल्याचं सांगितलं.

आधी धरा, मग सोडा, हा क्रम मी तुम्हाला फळ्यावर बाण काढून, मोठ्या उत्साहाने शिकवला. चूक कोणाची होती, ते कधीच सांगितलं नाही.

चिमे, साखळी मी तोडली. तुला माझी फार उशिराची श्रद्धांजली.

मित्रहो, घरी करून पाहा. तिघांनी डोळे मिटून, हात धरून उभं राहायचं. पहिल्याने मधल्याचा हात आधी सोडायचा.
मग हाक न मारता, डोळे न उघडता, तिसऱ्याला शोधून दाखवा.