चष्मेवाल्यांचा एकुलता एक वापरकर्ता

चष्मेवाल्यांच्या दुकानात डोळे तपासायला गेलं, की हनुवटी त्या यंत्राच्या पट्टीवर टेकवावी लागते. कपाळ पुढे, डोळे ताणलेले, हलायचं नाही. माणूस असा पुरता अडकला, की चष्मेवाले हळूच विचारतात, "घरी कॉम्प्युटरवर काय वापरता?"

हललं तर नंबर चुकणार. म्हणून गिऱ्हाईक मुकाट्यानं ऐकून घेतं: ज्याचा आतला मजकूर कुणीही वाचावा, बदलावा, वाटावा, असं सॉफ्टवेअर जगात आहे, ते हजारो लोकांनी मिळून लिहिलंय, आणि ते दर महिन्याच्या तिसऱ्या शनिवारी, वाचनालयाच्या माडीवर, मुक्त संगणक मंडळ आपल्या मशीनवर टाकून देतं.

"म्हणजे फुकट?"

"फुकट नाही हो, मुक्त!" म्हणताना चष्मेवाल्यांचा आवाज असा चढतो, की डाव्या डोळ्याचा नंबर पुन्हा काढावा लागतो.

मंडळात माणसं तीन. एक हे. दुसरा दाढी. तो तंत्रशाळेत वेल्डिंग शिकवतो आणि घरच्या मशीनवर महिन्याला नवी प्रणाली चढवतो, लोक चादरी बदलतात तशी. तिसरा औषधांच्या दुकानातला शंकासुर. कुणी काहीही सुचवलं की तो मान तिरकी करून "पण..." म्हणतो, आणि सभा तासभर लांबते. मागच्या वर्षी माडीवरच्या मशीनवर कुठली प्रणाली ठेवायची यावर पाच शनिवार चर्चा झाली. सहाव्या शनिवारी एक गृहस्थ आपला लॅपटॉप घेऊन आलेही होते. त्यांना एका टेबलाशी दाढीनं धरलं, दुसऱ्याशी शंकासुरानं. गृहस्थ पाणी पिऊन येतो म्हणाले. ते अजून पाणी पीत आहेत.

हे सगळं सुखात चाललं असतं. पण वाचनालयात नव्या ग्रंथपाल बाई आल्या. बाई बोलायला मऊ, वागायला फूटपट्टी.

"बुद्धिबळवाल्यांना माडी हवीय," त्या म्हणाल्या. "ते पंचवीसजण आहेत. तुम्ही तिघे. नऊ वर्षांत तुमचा उपयोग कुणाला झाला?"

"एकशे त्रेचाळीस मशीनवर टाकून दिलंय!" चष्मेवाल्यांनी लाल वही पुढे केली.

"टाकून दिलंत ते दिसतंय. वापरतंय कोण? असा एक माणूस दाखवा. एकच. आणि त्याच्या सहीनिशी लेखी द्या. महिनाअखेरपर्यंत. नाहीतर माडीची किल्ली परत."

चष्मेवाले वही काखेत मारून बाहेर पडले. माडी गेली तर तिसरे शनिवार घालवायचे कुठे? घरी? घरी बायकोनं आधीच सांगून ठेवलंय, "माझ्या कॉम्प्युटरला हात लावलात तर तुमच्या मुक्तीची सोय मीच करीन."

वहीतून फोन सुरू झाले. एकानं सांगितलं, पोरीनं दुसऱ्याच दिवशी जुनं परत टाकलं. एकीकडे त्या कॉम्प्युटरवर आता कुंडी होती. एक आजोबा भरभरून बोलले, "उत्तम! फार उत्तम! आता अक्षर स्वच्छ दिसतं!" चष्मेवाले हर्षानं उभे राहिले. मग कळलं, आजोबा चष्म्याबद्दल बोलत होते.

एकशे बेचाळीस नोंदींवर काट बसली. उरली पहिली. ती नमुन्यादाखल केलेली, म्हणून तिथे फोनच केला नव्हता: *नोंद क्रमांक एक, आत्या.*

आत्या म्हणजे चष्मेवाल्यांची सख्खी आत्या. जन्मभर कोर्टात टायपिस्ट होती. निवृत्त झाल्यावर गल्लीचे अर्ज टाइप करून द्यायला लागली. गटार तुंबलं, दिवा गेला, शेजाऱ्याचा नळ भिंतीत गळतो, सगळ्यांची तक्रार आत्याच्या टेबलावरून जायची. तिचं जुनं मशीन बंद पडलं तेव्हा भाच्यानं ही मुक्त प्रणाली टाकून दिली होती आणि "उरलेलं पुढच्या आठवड्यात करतो" म्हणून गेला होता. त्यानंतर जेव्हा जेव्हा तो आला, तेव्हा तेव्हा आत्यासमोर कुणीतरी तक्रारदार बसलेला. "नंतर ये," एवढंच ऐकून तो परत जाई. अशी नऊ वर्षं गेली.

आता तिघे धापा टाकत तिच्या जिन्यानं वर गेले. मशीन चालू होतं. तीच प्रणाली! कोपऱ्यात पिवळं फोल्डर, बाजूला प्रिंटर, आत्या खटाखट टाइप करतेय. चष्मेवाल्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

"आत्या, तू हेच वापरतेस?"

"मग काय, दुसरं आणून दिलंयस?"

दाढीनं वाकून पाहिलं आणि तो चष्मेवाल्यांवर किंचाळला, "नऊ वर्षांपूर्वीची आवृत्ती! काका, हे लाजिरवाणं आहे! दोन मिनिटं द्या..."

"पण इंटरनेटला जोडलेलं असेल तर धोका..." शंकासुर म्हणाला.

"जोडायला काय तो आगगाडीचा डबा आहे?" आत्या म्हणाली. "मला टाइप करायचं असतं, छापायचं असतं. सरका, उजेड अडतोय."

चष्मेवाल्यांनी दाढीच्या हातातला नव्या आवृत्तीचा पेन ड्राइव्ह हिसकावून स्वतःच्या खिशात टाकला. "कुणी हात लावायचा नाही!" मग आवाज मऊ करून म्हणाले, "आत्या, तुझा अनुभव चार ओळींत लिहून देशील? वाचनालयात दाखवायचाय. चांगला."

"प्रशस्तिपत्र? छे! चाळीस वर्षांत खोटी सर्टिफिकेटं पाहून डोळे गेलेत माझे. तक्रार असेल तर सांग, आत्ता लिहून देते."

फार विनवणी झाली. शेवटी असं ठरलं, की शनिवारी चार वाजता ग्रंथपाल बाईंनी स्वतः येऊन बघावं. लेखीचं पुढचं पुढे.

आठवडाभर चष्मेवाल्यांनी त्या मशीनची राखण केली. दाढी आत्याच्या गल्लीत दिसला की ते दुकान सोडून धावत. पण माणसाचा स्वभाव बघा. लग्नात अनोळखी माणसाचा चष्मा तिरका दिसला, तर हे गृहस्थ जेवता जेवता उठून तो सरळ करून येतात. वाकडं पाहवत नाही. शनिवारी दोन वाजताच ते आत्याकडे पोचले. आत्या अर्जावर सही घ्यायला खालच्या मजल्यावर गेली. खोलीत हे, ते मशीन आणि खिशातला पेन ड्राइव्ह.

बाई बघायला येणार. आणि दाखवायचं काय, तर नऊ वर्षं जुनं? अक्षरं किती बारीक, खिडक्यांच्या कडा किती जाड! आत्याचे अर्ज त्यांनी आधी दोनदा पेन ड्राइव्हवर उतरवून घेतले. मग बोट आपोआप पुढे गेलं.

चार वाजता बाई आल्या, तेव्हा काळ्या पडद्यावर एक गोल फिरत होता. म्हातारं मशीन नव्या प्रणालीखाली दबून गरम झालं होतं. दाढी आणि शंकासुर दोन्ही बाजूंनी एकाच वेळी सल्ला देत होते, आणि चष्मेवाले खुर्चीत घामाघूम.

आत्या दारात उभी राहिली. "माझं पिवळं कुठंय?"

"आत्या, अगं नवीन, याहून चांगलं..."

"मी मागितलं होतं?"

चष्मेवाले उगीच मशीनचं बटण पुन्हा पुन्हा दाबू लागले.

आत्यानं कपाटातून फुलस्केप काढला, पेनचं टोपण काढलं आणि उभ्याउभ्याच लिहायला घेतलं.  लिहून झाल्यावर तिनं कागद सरळ ग्रंथपाल बाईंच्या हातात ठेवला. "हे तुमच्या छपराखाली बसतात ना? मग तक्रार तुमच्याकडे."

बाईंनी मोठ्यानं वाचलं: "अर्जदार गेली नऊ वर्षे सदर व्यवस्था दररोज वापरत असून आजतागायत एकदाही बिघाड झालेला नाही. अर्जदाराचा सुमारे दोन हजार अर्जांचा व्याप तिच्यावर सुरळीत चालू होता. गैरअर्जदार भाच्याने आज रोजी विनापरवानगी हस्तक्षेप करून ती बंद पाडली. सबब पूर्वीचीच व्यवस्था, आहे तशी, तातडीने परत मिळावी, ही विनंती."

खाली तारीख. खाली सही.

बाईंनी कागद दुसऱ्यांदा मनात वाचला. फूटपट्टी पहिल्यांदाच थोडी वाकली. "लेखी मागितलं होतं, मिळालं," त्या म्हणाल्या. "माडी राहील तुमच्याकडे. आवक क्रमांक घालून घेते."

"पण ही तर तक्रार..." शंकासुर बोलला आणि दोघांनी मिळून त्याला जिन्यात नेलं.

जुन्या प्रणालीची सीडी आत्याच्याच फायलीत निघाली, तारखेसकट, "भाच्याने दिली" अशा शेऱ्यासह. साडेसहाला पिवळं फोल्डर जागेवर आलं. दाढीनं दात ओठ खात स्वतःच्या हातानं जुनी आवृत्ती चढवली.

आत्यानं दोन ओळी टाइप करून बघितल्या, मान डोलावली. चष्मेवाले जिना उतरायला लागले, पण अर्ध्यातून परत आले.

"आत्या, अक्षर फक्त थोडं मोठं करून देऊ?"

आत्यानं नवा कागद प्रिंटरात सरकवला आणि विचारलं, "गैरअर्जदाराचं नाव पूर्ण लिहू, का नुसतं भाचा?"