सात मिनिटांसाठी वर्धा ते पुणे

जायचं ठरलं ते सात मिनिटांसाठी. माझी लेक जुई पुण्यात शिकते आणि विद्यापीठाच्या वाद्यवृंदात फ्लूट वाजवते, म्हणजे आपली बासरीच, पण धातूची. यंदा त्यांच्याकडे परदेशातून एक पियानोवादक बाई पाहुण्या येणार होत्या. त्यांच्याबरोबरच्या रचनेत मधला भाग संथ आहे. त्यात फ्लूट गाते आणि पियानो तिला साथ करतो. आठ महिने जुईने तो भाग मला रोज संध्याकाळी फोनवर ऐकवला. "याच्याखाली पियानो असतो गं आई, तो तुला तिथेच ऐकू येईल," म्हणायची. मी सत्तावीस वर्षं शाळेत शिकवते, रजा सहसा टाकत नाही. या वेळी शनिवार-सोमवारची टाकली.

वर्ध्याहून संध्याकाळची गाडी पकडली की सकाळी पुणे येतं. आरक्षण आधीच करा, नाहीतर रात्रभर दुसऱ्याच्या पिशवीवर बसाल. स्टेशनजवळ हजार-बाराशेत बरा लॉज मिळतो. माझ्या लॉजमध्ये गरम पाणी सहा ते सात. सात-पाचला विचारलं तर मॅनेजर वर न बघता म्हणाला, "उद्या आहे की." नाश्त्याला पोहे मागवले. बाप्पा, साखर! वर तर्री, म्हणजे आपला झणझणीत रस्सा, मागितली तर वेटरने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्याची किडनीच मागितली. तिथूनच माझं डोकं तापायला लागलं होतं.

जुईची दिवसभर तालीम, म्हणून मी कसबा पेठेत फिरून आले. तिथे पायीच फिरा, गल्ल्यांत रिक्षा अडकते. तांबटांच्या दुकानांपुढे ठोके ऐकत अर्धा तास उभी होते. एक छोटा तांब्याही घेतला.

रविवारी कार्यक्रम दहाला होता. सभागृह बाराला रिकामं करायचं होतं, कारण साडेबाराला नाटक. त्यांच्या नेपथ्याचा टेंपो दारातच उभा होता. मी साडेनऊलाच जाऊन बसले.

दहाला दीपप्रज्वलन. पंख्याच्या वाऱ्याने समई विझायची, पुन्हा लावायची, कारण फोटो राहिला. मग स्वागत, प्रास्ताविक, परिचय. मग सत्कार. शाल, नारळ, पुष्पगुच्छ. पियानो भाड्याने देणाऱ्यांचा. तो वर चढवणाऱ्यांचा. कुणा माजी प्राध्यापकांचा, ज्यांनी "संगीत आणि मी" यावर बोलताना संगीत कुठेच येऊ दिलं नाही. त्या पाहुण्या बाई शाल पांघरून, मांडीवर नारळ धरून बसल्या होत्या आणि त्याखाली बोटं एकमेकांवर चोळत होत्या. मुलं वाद्यं घेऊन ताटकळलेली. संताप संताप झाला नुसता. पालक म्हणून माझंही नाव पुकारलं, वर्ध्याहून खास आल्या म्हणून. नाही म्हणणं बरं दिसत नाही. गेले, शाल घेतली, दोन शब्द बोलले, खाली आले.

शेजारच्या काकांनी घड्याळ पाहिलं. "पुढच्या वर्षी वाद्यं आणूच नका म्हणावं," ते म्हणाले. "जागा तरी वाचेल."

सव्वा अकराला पहिला सूर लागला. सुरुवातीला दोन छोट्या रचना, मग पियानो. पहिला भाग काय वाजवला त्या बाईंनी! माझा राग निम्मा उतरला होता. तेवढ्यात विंगेतून कुणीतरी वाद्यवृंदाच्या संचालकांना मनगटावर बोट आपटून दाखवलं. ते पियानोकडे वाकून काही बोलले. बाईंनी मान हलवली, नाही नाही अशी. मग त्यांनी पानं उलटली. खूप पानं. आणि एकदम जलद गत सुरू झाली.

मधल्या संथ भागाची सगळी चाल मला पाठ होती. ती आलीच नाही. जुई फ्लूट मांडीवर घेऊन समोर बघत होती, मग तिची जागा आली तशी सगळ्यांबरोबर वाजवायला लागली.

बाहेर आल्यावर मी आयोजकांना धरलं. म्हटलं, तुम्हाला लाज कशी वाटत नाही, पोरीचे आठ महिने तुम्ही नारळांत घातलेत. अजून बोलणार होते. जुईने माझा दंड धरून मला बाजूला नेलं. ती ओरडली नाही. माझ्यावर कधी ओरडतच नाही.

"आई, तो भाग सात मिनिटांचा होता."

"तेच सांगतेय ना मी त्यांना!"

"तू नऊ मिनिटं बोललीस."

मी म्हणाले, काहीतरीच काय, दोन शब्द तर बोलले. मग आठवलं. माझ्या शाळेबद्दल बोलले होते. विदर्भातल्या कलेबद्दल. जुई लहानपणी तोंडाने शिट्टी कशी वाजवायची, त्याबद्दल. टाळ्या पडल्या तशी अजून एक आठवण सांगितली होती. मागे मुलं ताटकळली होती, माझीसुद्धा, आणि मला ती तिथून दिसली नव्हती.

संध्याकाळची गाडी धरून सोमवारी सकाळी घरी पोचले. शाल कपाटात टाकली. नारळ ओट्यावर आहे, फोडायला हात उचलत नाही. जुईचा फोन रोज येतो. काल धीर करून म्हटलं, तो संथ भाग वाजव ना. तिने वाजवला, पूर्ण सात मिनिटं. मी मध्ये एक शब्दही बोलले नाही. खालचा पियानो तेवढा नव्हता.