आपल्याच घरात पाहुणे

परवा व्हिडिओ कॉलवर तुम्ही दोघांनी विचारलंत, की त्या फोटोत आजीच्या शेजारी एप्रन घातलेली बाई कोण आणि आजी एवढी रागावलेली का दिसते. आजोबांनी घाईघाईने "ती आमची मैत्रीण" असं सांगून विषय संपवला. ती आमची मैत्रीण नव्हे. ती आमची भाडेकरू होती, आणि तो फोटो काढला त्या दिवसापर्यंत तिने आमच्या घरातून सामानासकट निघून जायला हवं होतं. आजोबा कुठलीही गोष्ट अर्धीच सांगतात, म्हणून मी नीट पहिल्यापासून लिहिते.

तुम्ही सुट्टीत जिथे यायचात, ती मुलुंड पूर्वेची आमची इमारत पाडून नवी बांधायचं सोसायटीने ठरवलं. गणपती झाले की सगळ्यांनी घरं रिकामी करून बिल्डरच्या ताब्यात द्यायची आणि नवी इमारत उभी राहीपर्यंत आपापली सोय बघायची. शेजारी भाड्याच्या जागा शोधत वणवण फिरत होते. मी मात्र निश्चिंत होते. स्टेशनच्या पलीकडे, पश्चिमेला आपला तो दोन बेडरूमचा फ्लॅट आहे ना, तिथे आम्ही जाणार होतो. आजोबांच्या गुडघ्यांच्या ऑपरेशनपासून त्यांना जिना चढवत नाही आणि त्या इमारतीला लिफ्ट आहे. सगळं कसं जमून आलेलं होतं. फक्त त्या घरात भाडेकरू होते.

नवराबायको, दोघंच. तो चाळिशीचा, दिवसभर हॉलमध्ये कानाला हेडफोन लावून लॅपटॉपशी बोलायचा. त्याचं काम नेमकं काय, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. ती घरी केक करून विकायची. त्या भागातल्या पोराटोरांचे वाढदिवस तिच्याच केकवर साजरे व्हायचे. भाडं वेळेवर, घर स्वच्छ, भांडणतंटा नाही. म्हणूनच ते इतके अवघड होते. वाईट माणसांना बाहेर काढता येतं. ही माणसं गोड होती आणि कधीही कशालाही नाही म्हणत नव्हती.

करार संपायच्या आधी मी रीतसर कळवलं. तो म्हणाला, "काकू, तुम्ही काळजीच करू नका. घर तुमचं आहे. तुम्ही म्हणाल तेव्हा आम्ही निघतो." वर त्यांनी कांदिवलीला स्वतःचा फ्लॅट घेतलेला होता आणि तो तयारही झाला होता. आम्हाला वास्तुशांतीचं आमंत्रण आलं. आम्ही रिक्षाने एवढ्या लांब गेलो, समई भेट दिली, श्रीखंड-पुरी जेवलो. परत येताना मी आजोबांना म्हटलंसुद्धा, "झालं, सुटलो एकदाचे."

दुसऱ्या दिवशी सकाळी नव्या घरात झोप कशी लागली, हे विचारायला मी फोन केला. पलीकडून ओव्हनची ओळखीची घंटी ऐकू आली.

"तुम्ही कुठे आहात?" मी विचारलं.

"इथेच की, मुलुंडला," ती म्हणाली. "काकू, तिथे किचनच्या ट्रॉल्या बसायच्या आहेत ना अजून. ह्यांचे भाऊ तिथे जवळच राहतात, ते रोज संध्याकाळी दिवा लावून येतात. वास्तुशांतीनंतर घर अंधारात ठेवू नये ना."

म्हणजे त्यांच्या घरात दिवा राहत होता आणि माझ्या घरात ते.

मग कारणांची रांग लागली. ट्रॉल्या बसवणारा गणपतीला कोकणात गेला. ओव्हनसाठी वेगळी वायर ओढायला हवी. बारशाची ऑर्डर, साखरपुड्याची ऑर्डर, कुणाच्या तरी सासऱ्यांची पंच्याहत्तरी. दर वेळी फोन ठेवताना "तुम्ही आम्हाला आईसारख्या." मी ज्या एजंटमार्फत त्यांना जागा दिली होती, त्याच्याकडे तक्रार केली. तो म्हणाला, "आंटी, पार्टी एकदम चांगली आहे. थोडं ॲडजस्ट करून घ्या ना." तुमच्या बाबांनी फोनवर सांगितलं, "आई, सरळ वकिलाची नोटीस पाठव." आजोबा म्हणाले, "अगं, ज्यांच्या पंक्तीला श्रीखंड खाल्लं त्यांना नोटीस?" आणि मी? कॉन्व्हेंटमध्ये आम्हाला हुकूमसुद्धा विनंतीसारखा द्यायला शिकवला होता. मी प्रत्येक फोनवर "तुमची गैरसोय नको, पण जमलं तर" अशीच सुरुवात करायचे. त्यांना ते कधीच जमलं नाही.

इकडे आमची इमारत डोळ्यांदेखत ओस पडत चालली होती. वरच्या मजल्यावरच्या खिडक्या चौकटींसकट काढून नेल्या. भिंती ठोकायला लागले की आमच्या वरणात धूळ पडायची. पाण्याचा पंप कधी बंद होणार, त्याची नोटीस जिन्यात लागली. आणि त्यातच पितृपक्ष जवळ आला. जन्मभर पुलांची गणितं करत आलेला तुमचा आजोबा नावाचा इंजिनिअर मला म्हणाला, "पितृपक्षात मी नव्या जागेत पाऊल टाकणार नाही."

"जागा नवी कुठाय? आपलीच आहे."

"राहायला पहिल्यांदाच चाललोय ना? मग नवीच. निदान आदल्या दिवशी जाऊन दूध उतू घालू. म्हणजे गृहप्रवेश झाला."

मी पंचांग बघत नाही. पण इतक्या वर्षांच्या संसारात कुठे वाद घालायचा आणि कुठे नाही, एवढं मला कळतं. मी भाडेकरूंना तो दिवस कळवला. "हो हो काकू, त्याच्या आधी आम्ही गेलेलोच असू," ती म्हणाली.

त्या दिवशी सकाळी आम्ही आमच्या घराच्या चाव्या बिल्डरच्या माणसाच्या हातात दिल्या. सामान आधीच गोडाऊनमध्ये गेलं होतं. दोन बॅगा, आजोबांची काठी, नवं पातेलं आणि दुधाची पिशवी घेऊन आम्ही रिक्षाने पश्चिमेला आलो. मी बेल वाजवली तेव्हा मला वाटत होतं, घर रिकामं असेल आणि तो चावी द्यायला थांबला असेल. दार उघडलं तर व्हॅनिलाचा घमघमाट. सोफा जागच्या जागी. टेबलावर तीन मजली केक. आणि एप्रन घातलेली ती.

"अय्या, काकू! आज?"

"आज," मी म्हटलं. "तुम्हाला चार वेळा सांगितलं होतं."

"हो ना, पण तो ट्रॉलीवाला..."

मी पुढचं ऐकलं नाही. सरळ स्वयंपाकघरात गेले, तिच्या क्रीमचं भांडं बाजूला सारलं, पातेलं शेगडीवर चढवलं आणि दूध ओतलं. मला वाटलं, आता तरी यांना लाज वाटेल. घराची मालकीण येऊन गृहप्रवेश करते आणि भाडेकरू अजून आत आहेत, हे बघून कुणीही खजील होईल. पण दूध वर येऊ लागलं तशी ती हळदीकुंकवाची कोयरी घेऊन आली. नवऱ्याला हाक मारली, "अहो, लवकर या, काकूंचं दूध उतू जातंय, फोटो काढा!" त्याने कॉल तसाच चालू ठेवून फोटो काढला. दूध शेगडीवर, ओट्यावर, तिच्या क्रीमपर्यंत गेलं. तिने मला कुंकू लावलं, माझ्या पाया पडली आणि म्हणाली, "किती छान वाटलं, काकू! आता तुम्ही राहाच इथे. परके का आहात?"

तर फोटोतला माझा चेहरा हा, माझ्याच घरात राहायचं आमंत्रण मिळालेल्या बाईचा आहे.

आम्ही राहिलो. दुसरीकडे जाणार कुठे? तिने केकचे साचे हलवून आम्हाला मागची खोली करून दिली, तीही फार अगत्याने. दुसऱ्या दिवशी मी विचारलं, "तुम्ही कधी निघताय?" तर त्याने तोंड एवढंसं केलं. "काकू, पितृपक्ष लागला ना. आता सामान कसं हलवणार?"

"तुमची वास्तुशांत झाली आहे. तुमचा प्रवेश झाला आहे."

त्याने गुरुजींना फोन लावला, स्पीकरवर. गुरुजी म्हणाले, "माणसांचा प्रवेश झालाय. सामानाचा नाही झालेला."

"मग सामान राहू दे," मी म्हटलं. "माणसं जा."

आजोबा मोठ्याने हसले. तेही हसले. मी विनोद केला नव्हता.

पुढचे दिवस कसे गेले ते विचारू नका. सकाळी हॉलमध्ये आजोबांचा गुडघ्यांचा व्यायाम चालायचा. ते मोठ्याने "एक... दोन... तीन..." मोजायचे आणि शेजारी तो लॅपटॉपला सांगायचा, "सॉरी, बॅकग्राउंडला माझे अंकल आहेत." फ्रिजमध्ये सगळीकडे क्रीम. कोथिंबीर ठेवायला जागा नाही. माझ्या चहाच्या वेळेला चारही शेगड्यांवर चॉकलेट वितळत असायचं. मी ओटा पुसायचा अवकाश, त्यावर पिठीसाखरेचा थर बसायचा. बेल दिवसभर. आणि आजोबा? ते फितूर झाले. केकच्या कडा कापून टाकतात ना, त्या बशीत घालून ती त्यांना द्यायची. तिसऱ्या दिवसापासून ते तिला अगंतुगं करायला लागले. "अगं, आज व्हॅनिला जरा जास्त झालाय हं." मी रात्रंदिवस ज्यांना घालवायचं बघत होते, त्यांना हे पाककृती सुचवत होते.

असंच एका दुपारी तो बाहेर गेला होता, आजोबा हॉलमध्ये पेपर वाचत होते आणि मी स्वयंपाकघरात गवार मोडत बसले होते. ती येऊन समोर बसली आणि न विचारता माझ्याबरोबर गवार मोडू लागली. जरा वेळाने म्हणाली, "काकू, एक बोलू? रागावू नका. ट्रॉल्या बसल्यात."

"कधी?"

"वास्तुशांतीनंतर लगेचच. वायरिंगसुद्धा झालंय."

मी हातातली शेंग न मोडताच ताटात टाकली.

"मला जायचंच नाहीये तिकडे," ती म्हणाली. "ह्यांना भाऊ जवळ हवा म्हणून घर कांदिवलीला घेतलं. मला कोण ओळखतं तिथे? इथे लोक येताजाता बेल वाजवून ऑर्डर देतात. ही सगळी गिऱ्हाइकं मी एकेक करून जमवलीयेत. तिथे परत पहिल्यापासून सुरू करायचं?" मग माझ्याकडे बघून, लाडात येऊन, "काकू, ओव्हन इथेच राहू दे ना. मी सकाळी येईन, संध्याकाळी जाईन. तुम्हाला सोबत होईल. काकांना आवडतं माझं असणं."

खरं सांगते, तिचं म्हणणं मला पुरतं कळत होतं. मीसुद्धा नुकतंच माझं घर सोडून आले होते. ज्या खिडकीशी उभी राहून मी तुमच्या बाबांच्या शाळेची बस बघायचे, ती खिडकी आता कुठल्या भंगारात पडली असेल कोण जाणे. पण कळलं म्हणून माझा वैताग कमी झाला नाही, उलट वाढला. इतके आठवडे ट्रॉलीवाल्याच्या नावाने मला झुलवत ठेवलं होतं. आणि आता माझ्याकडे स्वतःचं म्हणून एवढं एकच स्वयंपाकघर उरलं होतं.

"नाही," मी म्हटलं.

ती हसली. "विचार करा हो सावकाश. घाई नाहीये."

"विचार केला. नाही. मला माझा ओटा रिकामा हवा आहे, आणि घरही."

हॉलमधून आजोबांचा आवाज आला, "अगं, सकाळचे दोन-तीन तास तर..."

"अहो, तुम्ही पेपर वाचा."

तिने हातातली गवार ताटात ठेवली. उठून एप्रनला हात पुसले. माझ्याकडे असं बघितलं, की जणू मी आत्ताच दारातून आत आले होते. "ठीक आहे, मॅडम," ती म्हणाली.

त्यानंतर मी तिची काकू नव्हते. आणि गंमत बघा, काकूला हलवता न आलेलं सामान मॅडमसाठी लगेच हललं. पितृपक्ष संपायला अजून अवकाश होता, पण गुरुजींना कुणी फोन केला नाही. दुसऱ्या सकाळी टेम्पो खाली उभा होता. तो बिचारा खोकी उचलता उचलता "काकू, म्हणजे मॅडम" असं अडखळत होता. ओव्हन लिफ्टमध्ये मावेना, म्हणून चार माणसांनी तो जिन्याने उतरवला. ती शेवटी निघाली. चावी माझ्या हातात न देता शूरॅकवर ठेवली आणि लिफ्टकडे बघत म्हणाली, "मॅडम, डावीकडच्या शेगडीचं बटण घट्ट आहे. जोर लावू नका, तुटेल."

आजोबांच्या मात्र ती पाया पडून गेली. ते दिवसभर माझ्याशी बोलले नाहीत. मी त्या शांततेत सगळी कपाटं आतून-बाहेरून पुसली. साखर कुठे कुठे गेली होती म्हणून सांगू!

संध्याकाळी बेल वाजली. दारात एक बाई, हातातल्या मोबाइलवर केकचं चित्र.

"केकवाल्या ताई आहेत का?"

"त्या कांदिवलीला गेल्या."

"अरे देवा! शनिवारी वाढदिवस आहे हो आमच्याकडे. कायमच्या गेल्या?"

"कायमच्या."

ती माझ्या खांद्यावरून आत डोकावली. "मग तुम्ही कोण? त्यांच्या सासूबाई?"

"नाही," मी म्हटलं. "इथे आता आम्ही राहतो."

"तिचा नंबर दे त्यांना!" आजोबा आतून ओरडले. दिवसभरातलं हे त्यांचं पहिलं वाक्य. मी नंबर दिला. केक कांदिवलीहून येईपर्यंत वितळेल की नाही, यावर त्या बाईने दारातच माझं मत विचारलं. मी म्हटलं, मला केकमधलं काही कळत नाही. मग दार लावलं आणि कुकर चढवायला आत गेले.