सीटखालचा जोड

शिरूरच्या एसटी स्टँडमागं मच्छिंद्रचं ऑटो इलेक्ट्रिकचं दुकान होतं. हात सोन्याचा, पण तोंड फाटकं. वायर जोडावी त्यानंच आणि गिऱ्हाईक तोडावं तेही त्यानंच. गाड्यांत कॉम्प्युटर आले तेव्हा निम्म्या मिस्त्रींनी हाय खाल्ली. यानं मात्र गाडीच्या कॉम्प्युटरमधले बिघाड वाचणारा स्कॅनर पुण्याहून आणला.

२००८च्या उन्हाळ्यात मारुतरावांची गाडी टोचन करून त्याच्या दारात आली. मारुतराव म्हणजे मोठे बागायतदार, आमच्या सगळ्या गावाचे आबा. त्यांच्या बायकोच्या, साखरबाईंच्या छातीत कळ आली म्हणून ड्रायव्हर साहेबराव त्यांना पुण्याला नेत होता. कोरेगाव भीमाच्या अलीकडं त्यांना उलटी आली. साहेबरावानं गाडी बाजूला घेऊन बंद केली, ती परत चालू झालीच नाही. दुसरी गाडी मिळेपर्यंत साखरबाई गेल्या. दहाव्याला घाटावर आबा सगळ्यांदेखत म्हणाले, "साहेबरावानं मारली तिला. चालती गाडी बंद केली." बौद्धवाड्यातल्या माणसावर ठपका ठेवायला आमच्या गावाला पुरावा कधी लागलाय? त्याची नोकरी गेली आणि दुसरं कुणी त्याच्या हाती गाडी देईना.

तेव्हापासून बंद पडून राहिलेल्या गाडीला मच्छिंद्रनं स्कॅनर लावला. इंजिनाच्या कॉम्प्युटरचा डबा चांगला होता, चावी ओळखणारा डबाही चांगला होता. पण दोन्ही डबे एकच रड सांगत होते, पलीकडून उत्तर येत नाही. चावी ओळखल्याचा निरोप पोचल्याशिवाय इंजिन चालू होत नाही. निरोप नेणाऱ्या दोन वायरींचा माग काढत तो ड्रायव्हरच्या सीटखाली पोचला. तिथला जोड हिरवा पडला होता, पिना सडल्या होत्या. कव्हरात वाळका चिखल होता आणि झेंडूच्या पाकळ्या.

"सीटखाली पाणी कुणी मारलं?" त्यानं शेजारी उभ्या आबांना विचारलं.

आबांनी त्यातली एक पाकळी उचलली. "म्याच. खंडेनवमीला. सीट काढून हिरीवरच्या मोटारीच्या पायपानं धुतली. पूजा व्हती, म्हनलं कोपरा राहाया नको."

"आन् साहेबराव?"

"त्यो नागपूरला गेल्ता, दीक्षाभूमीला."

जोड बदलल्यावर गाडी पहिल्या चावीत चालू झाली. मच्छिंद्र आबांना घेऊन थेट सणसवाडीला गेला. साहेबराव तिथं कारखान्यात हमाली करत होता. सगळं ऐकून घेतल्यावर आबांनी पुढं केलेली चावी त्यानं घेतली नाही.

"आबा, घाटावर चारचौघांत बोललात. तसंच चारचौघांत सांगा, मग घेतो."

"वर्षश्राद्धाला सांगतो," आबा म्हणाले.

वर्षश्राद्धाला अख्खं गाव जेवायला होतं. साहेबराव आला आणि मांडवाच्या कडेला उभा राहिला. पंगत निम्मी उरकली तरी आबा तोंड उघडेनात. मला त्यांची कीवही येत होती आणि संतापही. शेवटी मच्छिंद्रच ताटावरून उठला.

"साहेबरावाचा दोष न्हाई. गाडीत पाणी आबांनी मारलं व्हतं. माझ्यापुढं कबूल झाल्यात. इचारा त्यांला."

कुणी विचारलं नाही. माना ताटांत घातलेल्या तशाच राहिल्या. साहेबराव आबांकडं बघत होता.

आबा वाढप्याकडं वळले. "बुंदी फिरव," म्हणाले.