पासष्टच्या आत

डॉक्टरांनी कागदावर एक आकडा लिहिला आणि त्याच्याभोवती पेनानं गोल काढला. पासष्ट. "ताई, तुम्ही पासष्टच्या आत या, मग पुढचं बोलू." तेव्हा माझं वजन ब्याऐंशी होतं आणि उंची जेमतेम पाच फूट. मी अंगणवाडीची सेविका. दुसऱ्यांची पोरं काट्यावर ठेवायची आणि "अजून वाढायला पाहिजे गं, जरा खायला घालत जा" असं त्यांच्या आयांना दटावायचं, यात माझी वीस वर्षं गेली. आपण स्वतः कधी काट्यावर चढावं असं मनात आलं नव्हतं.

माझ्या पाठच्या भावाच्या दोन्ही किडन्या गेल्या होत्या. तो पलूसला, आमच्या माहेरच्या रानात ऊस आणि थोडी द्राक्षं करतो. म्हणजे करायचा. आता आठवड्यातून तीनदा सांगलीला जाऊन चार-चार तास डायलिसिसच्या मशीनला लागून पडायचं, हेच त्याचं काम. आईला साखर, त्यामुळं तिची किडनी चालेना. भावजयीचा रक्तगट जुळेना. राहिले मी. माझं सगळं जुळलं, फक्त वजन आडवं आलं. एवढ्या जड बाईची एक किडनी काढली तर उरलेल्या एकीवर भार येतो, असं डॉक्टर म्हणाले. मला राग आला, खोटं कशाला बोलू? भाऊ तिकडं मरायला टेकलाय, मी द्यायला तयार आहे, आणि हा माणूस माझी भाकरी मोजतोय.

पण मी हट्टी आहे. आमच्याकडं बायकांना डाएट कळत नाही, उपास बरोबर कळतो. मी नवस बोलल्यासारखं धरलं. भात सोडला. साखरेच्या चहावर पाणी सोडलं. भाकरी अर्धी, तीसुद्धा सकाळचीच. लग्नाला गेले तर अक्षता टाकून पाठमोरी, पंगतीकडं बघायचंच नाही. आमचे मालक फौजेतून सुभेदार होऊन घरी आलेले. ते रोज पहाटे मला आमच्या रहिमतपूरच्या रस्त्यानं चालवत आणि मी मागं पडले की "चलो चलो" करत. रस्त्यात भेटणाऱ्या बायका हळूच विचारायच्या, "काय वं बाई, काय दुखणं बिखणं लागलंय का?" मी म्हणायची, व्हय, लागलंय.

दहा महिन्यांनी चौसष्ट भरले. अंगणवाडीतल्या काट्यावर तीनदा चढून उतरले, कारण माझाच विश्वास बसेना. मग भावाला फोन लावला. पलीकडनं हुंदका ऐकू आला. तो रडत होता. वडील गेले तेव्हासुद्धा मी त्याला रडताना ऐकलं नव्हतं.

त्या रविवारी पलूसला भावजयीनं पुरण घातलं. "वन्सं, आज उपास सोडायचा," म्हणाली. मी चार पोळ्या खाल्ल्या, वर तुपाची धार, कटाची आमटी दोन वाट्या. कुणालाच त्यात काही वावगं वाटलं नाही, मलाही नाही. व्रत पुरं झालं की उद्यापन करायचं, चार माणसं जेवू घालायची आणि दुसऱ्या दिवसापासून आपलं नेहमीचं जेवायचं, हे आम्हाला कुणी शिकवावं लागत नाही. पासष्टच्या आत यायचं एवढंच मी डोक्यात घेतलं होतं. आत येऊन तिथंच राहायचं असतं, हे डोक्यात शिरलंच नाही. एक मालकच हात धुता धुता म्हणाले, "ट्रेनिंग संपलं. आता पोस्टिंग हाय. ट्रेनिंगला तारीख असती, पोस्टिंगला नसती." मी म्हटलं, "आवं, आज तरी गप बसा."

ऑपरेशन दोन महिन्यांवर आलं होतं. तेवढे दोन महिने मी ताणून नेले असते. पण मध्येच भावाच्या छातीत पाणी झालं, तपासण्या झाल्या आणि क्षयाच्या गोळ्या सुरू झाल्या. डॉक्टर म्हणाले, आता वर्षभर तरी ऑपरेशन नाही. मग माझ्याकडं वळून म्हणाले, "तोवर तुम्ही आहात तिथंच राहा."

उतरवताना प्रत्येक किलोला कौतुक होतं. भाऊ फोनवर विचारायचा, मालक शाबासकी द्यायचे, ब्लाउज आत घ्यायला शिंप्याकडं जायची तेव्हा तोही हसायचा. राखताना काय सांगायचं? काल चौसष्ट, आज चौसष्ट. बरं, म्हणायची माणसं, आणि विषय बदलायची.

भाऊ दवाखान्यातून घरी आला तेव्हा मी बिनपगारी रजा टाकून दीड महिना माहेरी राहिले. तिथं माझं वाटोळं झालं. भावजय गुणाची, तिला दोष देत नाही. पण तिच्या मनानं घेतलं की किडनी द्यायची म्हणजे अंगात ताकद पाहिजे. "तुमी अशा वाळून गेल्याव, डॉक्टर कापणार तरी कुठनं?" रोज दोन अंडी, डिंकाचे लाडू, आठवड्यातून दोनदा पायाचं सूप. बाळंतिणीला घालावं तसं मला घालत होती. भावकीतल्या बायका येताना घरचं तूप घेऊन यायच्या. भावाला जीव देणारी बहीण म्हणून माझं कोण कौतुक. ते कौतुक ताटात पडायचं आणि मी नाही म्हणायची नाही.

शेजारी एक जैन काकू राहते, सत्तरीची. दिवस मावळला की पाणीसुद्धा तोंडात घेत नाही. लुगड्याची गाठ तीस वर्षं एकाच जागी बसते तिची. ती एकदा ओट्यावर बसून माझं ताट बघत म्हणाली, "पोरी, तू धरलंस म्हणून सोडलंस. मी कवा धरलेलंच न्हाई. जेवायची येळ गेली की गेली, त्यात काय एवढं?" मी मान डोलावली. त्याच दिवशी रात्री दोन भाकरी आणि वांग्याचं भरीत खाल्लं.

आणि भाऊ. तो पूर्वी असा खाणारा होता की जत्रेला पाव्हणे त्याचं जेवण बघायला थांबायचे. आता त्याचं पाणीसुद्धा बाटलीवर खुणा करून मोजलेलं. मीठ नाही, केळं नाही, शेंगदाणा नाही, नारळाचं पाणी नाही. मी जेवायला बसले की तो खुर्ची ओढून माझ्यासमोर बसायचा. "आक्का, खा की. मी बघतो." मटण असलं की विचारायचा, "खोबरं जास्त पडलंय का? तिखट कसंय?" मी चव सांगायची, तो ऐकताना आवंढा गिळायचा. "तू खाल्लंस की मला खाल्ल्यागत वाटतंय," म्हणायचा. मग मी अजून एक वाटी रस्सा घ्यायची.

लोकांना सांगताना मी एवढंच सांगते, की भावाच्या आनंदासाठी खाल्लं. अर्धं खरं आहे ते. उरलेलं अर्धं हे, की मला भूक होती. दहा महिने मी तोंड शिवून घेतलं होतं आणि मला तो रस्सा हवा होता, ती पोळी हवी होती. भाऊ समोर बसला की मला कारण मिळायचं. खाईन तर तुपाशी नाहीतर उपाशी, अशी माझी जात. मधलं काही मला कधी जमलंच नाही.

रहिमतपूरला परत आले तेव्हा ब्लाउजचे हूक लागेनात. मी नवीन ब्लाउज शिवले. अंगणवाडीतला मोठा काटा कपाटामागं सरकवून ठेवला आणि पोरांची वजनं झोळीच्या काट्यावर करायला लागले. सोमवारपासून धरू, संक्रांत झाली की धरू, असं करता करता वर्ष सरलं.

मग भावाच्या गोळ्या संपल्या आणि डॉक्टरांनी मला पुन्हा तपासणीला बोलावलं. भाऊ त्याच दवाखान्यात वरच्या मजल्यावर मशीनवर होता. खाली मी आणि मालक. काटा त्र्याहत्तर दाखवत होता. माझी मान खाली. डॉक्टर रागावले असते तर बरं झालं असतं, पण ते रागावले नाहीत. रक्ताचा कागद पुढं सरकवून म्हणाले, "वजनाचं काही नाही, ते पुन्हा उतरेल. पण ताई, तुम्हाला साखर झाली आहे. आईलाही आहे. आता तुम्ही पन्नास किलो झालात तरी मी तुमची किडनी घेणार नाही. पुढं तुम्हालाच तिची गरज पडेल." मालकांनी विचारलं, "बिलकुल नही?" ते हिंदीत का बोलले कोण जाणे. डॉक्टर म्हणाले, नाही. आता मेलेल्या माणसाच्या किडनीची वाट बघायची, त्या यादीत भावाचं नाव आधीच आहे, पण यादी मोठी आहे.

मी हात जोडले, भावाला एवढ्यात सांगू नका म्हटलं. ते म्हणाले, मी आपणहून सांगणार नाही, पण त्यानं विचारलं तर खोटं बोलणार नाही. तुम्हीच सांगा, आणि लवकर सांगा.

भाऊ मशीनवरून उतरून खाली आला. चेहरा पांढराफटक, दंडाला पट्टी. बाकावर बसता बसता म्हणाला, "काय म्हणलं डॉक्टर?"

"वजन वाढलंय म्हणाले. पासष्टच्या आत या म्हणाले." माझ्या तोंडून एवढंच गेलं.

तो दंडावरची पट्टी दाबत राहिला. मग म्हणाला, "माझ्यामुळं झालं गं आक्का. मीच तुला बसवून बसवून खायला घातलं." मला रडू फुटलं. त्याला वाटलं मी वजनासाठी रडतेय. "रडू नगंस," म्हणाला. "एकदा उतरवलंस, आता बी उतरवशील. आता मी हाय की ध्यान ठेवायला."

परत जाताना त्यानं सांगलीतून वजनकाटा घेतला. गाडीत मांडीवर धरून बसला होता.

तेव्हापासून दर शनिवारी मी पलूसला जाते. रविवारी सकाळी तो मला काट्यावर उभी करतो आणि आकडा दिनदर्शिकेवर लिहितो. जेवताना माझी भाकरी तो स्वतःच्या हातानं मोडतो, अर्धी मला आणि अर्धी परत टोपल्यात. भावजयीला ताकीद आहे, आक्काला आग्रह करायचा नाही. आणि गंमत अशी, की या खेपेला जमायला लागलं. साखरेच्या भीतीनं म्हणा, काकूचं बोलणं उशिरा उमगलं म्हणून म्हणा, दिवेलागणीनंतर मी खाईना, चालणं पुन्हा सुरू केलं, व्रत म्हणून नाही, रोजचं म्हणून. त्र्याहत्तरचे एकाहत्तर झाले, मग सत्तर. प्रत्येक आकड्यासरशी भावाला तरतरी यायची. मशीनवर जायला कुरकुर करायचा तो थांबला. पुढच्या हंगामात द्राक्षाची नवी लावण करायची, असं बोलायला लागला. मालक म्हणायचे, "सांगून टाक त्याला. जितकं लांबवशील तितकं त्याला जास्त लागंल." मी म्हणायची, सांगते. पुढच्या रविवारी सांगते.

एका रविवारी काट्यावर सहासष्ट आले. भावानं टाळी वाजवली. "आता दोन किलो ऱ्हायलं. चौसष्टला आलीस की दुसऱ्या दिवशी डॉक्टरकडं. मी बी येतो आत, मीच बोलतो त्यांच्याशी." तो आत आला की विचारणार, आणि डॉक्टर खोटं बोलणार नव्हते.

पुढच्या शनिवारी पलूसला जाताना कराडच्या स्टँडवर बस बदलायची होती. मी कँटीनमध्ये बसले आणि तीन वडापाव खाल्ले. वर जिलेबी. भूक नव्हती, चव लागत नव्हती. चावायचं आणि गिळायचं. दुसऱ्या दिवशी काट्यावर सदुसष्ट आले. पुढं आठवडाभर तसंच केलं. साखरेच्या बाईनं काय करू नये ते सगळं केलं. त्यापुढच्या रविवारी काटा अडुसष्टवर होता. भाऊ म्हणाला, "हुतंय कवा कवा."

त्याला आता सात महिने झाले. सात महिने मी अडुसष्टवर आहे, अर्धा किलो वर नाही, अर्धा किलो खाली नाही. सोमवार ते गुरुवार नीट जेवते, चालते, काट्यावर चढते आणि जेवढं उतरलं असेल तेवढं शुक्रवारी-शनिवारी खाऊन भरून काढते. वजन राखणं मला जमत नव्हतं ना, ते आता जमलंय. माझी साखर वाढतीय, मालक माझ्याशी धड बोलत नाहीत.

भावाच्या पायाला सूज असते. खाली वाकलं की त्याला धाप लागते. तरी मी काट्यावर उभी राहिले की तो गुडघ्यावर हात ठेवून वाकतो, आकडा बघतो, भिंतीला धरून सरळ होतो.

"अडुसष्ट," म्हणतो. "हुईल गं आक्का. आपल्याला काय घाई न्हाई."