वाया जाणारं मत

मुलगी इंग्लंडला शिकायला गेली त्याच्या दुसऱ्या वर्षी तिकडे सार्वत्रिक निवडणूक लागली. एका शुक्रवारी मी आणि नवरा जेवत असताना तिचा फोन आला. मतदार यादीत नाव लागल्याचं पत्र तिला आलं होतं. पासपोर्ट भारताचा असला तरी भारत कॉमनवेल्थमध्ये असल्यामुळे तिला तिथे मत देता येणार होतं. आम्हाला हे ठाऊकच नव्हतं. मस्कतला येऊन आम्हाला बावीस वर्षं झाली. ठाण्याच्या यादीत आमची नावं असतीलही, पण मतदानाच्या दिवशी आम्ही कधी तिथे नव्हतो. आता इतक्या वर्षांनी घरातलं कुणी मत देणार होतं, तेही इंग्लंडातल्या एका लहान शहरात.

तिला आवडलेली उमेदवार एका छोट्या पक्षाची होती. ती बाई एका संध्याकाळी मुलीच्या घराच्या दारात येऊन बंद झालेल्या बसबद्दल आणि नदीत सोडल्या जाणाऱ्या सांडपाण्याबद्दल बोलली होती, आणि मुख्य म्हणजे तिने मुलीचं म्हणणं ऐकून घेतलं होतं. पण सोबत राहणाऱ्या मैत्रिणी म्हणत, इथे सामना दोघांतच आहे. सध्याचा खासदार नको असेल तर दुसऱ्या नंबरवाल्याला मत दे, तो आवडो न आवडो.

"आई, जी आवडते तिला दिलं तर ते वेस्ट होईल ना?" तिने विचारलं. एरवी ती अशा विषयावर इंग्रजीतच बोलते. हे मराठीत विचारलं म्हणून मी ताट बाजूला सारलं. पण उत्तर मात्र विचार न करताच दिलं. म्हटलं, पहिलंच मत आहे, वाया घालवू नकोस.

पुढच्या आठवड्यात कामासाठी सोहारच्या औद्योगिक वसाहतीत जायचं होतं. माझ्याबरोबर ऑफिसातले एक ब्रिटिश इंजिनियर होते, निवृत्तीला आलेले. आमच्या अल् खुवैरच्या ऑफिसात राजकारणावर कुणी बोलत नाही. आपण परक्या देशात आहोत याचं भान सगळ्यांनाच असतं. पण दोन तासांचा रस्ता होता आणि गाडीत आम्ही दोघंच, म्हणून मी विषय काढला.

तेव्हा कळलं की तरुणपणी ते स्वतः एका छोट्या पक्षाचं काम करायचे. कोणता, ते त्यांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. लोक त्यांच्याकडे कसे बघायचे ते मात्र सांगितलं. पायात सँडल घालणारी, पक्ष्यांसारखं दाणे-बिया खाणारी, स्वभावाने भली पण राज्य करायला बिनकामाची माणसं. दारोदार पत्रकं वाटताना कुणी वाईट बोलत नसे. चहासुद्धा मिळायचा, मत मिळायचं नाही. एका निवडणुकीत त्यांचा जिवलग मित्रच पक्षातर्फे उभा होता. नको असलेला माणूस पाडायचा म्हणून यांनी मत दिलं मोठ्या पक्षाला. मतमोजणीला मित्राशेजारी उभे राहिले आणि त्याचं डिपॉझिट जाताना पाहिलं. मित्राला हे त्यांनी कधीच सांगितलं नाही.

मी विचारलं, मग मुलीला काय सांगू?

"मला नका विचारू," ते म्हणाले. "मी दोन्ही करून पाहिलंय."

त्या संध्याकाळी मी मुलीला फोन करून हे सगळं सांगितलं, आणि तुला पटेल तसं कर म्हटलं. पण आधीचं माझं बोलणं तिच्या मनात बसलं होतं. मतदानाच्या दिवशी तिने मस्कतच्या भारतीय दूतावासातून मिळालेला पासपोर्ट दाखवला आणि पेन्सिलने दुसऱ्या नंबरवाल्यापुढे फुली मारली. बोटाला शाई लावतात का, हे मी विचारलं. नाही लावत म्हणाली.

दुसऱ्या दिवशी शुक्रवार, आम्हाला सुट्टी. सकाळी चहा घेतानाच निकाल कळला. जुना खासदार पडला, आणि इतक्या मोठ्या फरकाने की मुलीच्या मताची कुणाला गरजच नव्हती. छोट्या पक्षाची बाई चौथी आली. मुलगी आनंदात असेल असं मला वाटलं होतं, पण फोनवर ती त्या बाईच्या मतांचा आकडाच सांगत राहिली.

काही आठवड्यांनी ती बाई तिला भाजी घेताना भेटली. बाईने ओळखलं, अभ्यासाचं विचारलं, मताचा विषयही काढला नाही. मुलीलाच राहवलं नाही. मी तुम्हाला मत दिलं नाही, असं तिने सांगून टाकलं.

"माझ्या भावानेही नाही दिलं," बाई म्हणाली, आणि मुलीच्या हातातली जड पिशवी धरू लागली.

मुलीकडून हे ऐकल्यावर मला फार अवघडल्यासारखं झालं. शाळेतले विषय, कॉलेज, कोर्स, प्रत्येक वेळी जे हमखास जमेल तेच घे, असं मीच तिला सांगत आले होते. परदेशात नोकरी टिकवता टिकवता मला तसाच विचार करायची सवय लागली. तो चुकीचा होता असं आजही म्हणवत नाही; त्याच्यावरच तर आमचं घर उभं राहिलं. पण मत देतानाही तिने तसाच विचार करावा, हे मी कशाच्या आधारावर सांगितलं, ते मला समजत नाही.

आता तिच्या शहरात नगरपालिकेची निवडणूक आहे आणि ती बाई पुन्हा उभी आहे. या वेळी तुला विचारणार नाही, असं मुलीने मला आधीच सांगून ठेवलंय. नको विचारूस, मी म्हटलं. मग आम्ही तिच्या परीक्षेबद्दल बोललो.