केझाया फॉगच्या आवारातला राजाचा पाइन

केझाया फॉग तोंडाने फटकळ, हाताने चिकट, आणि प्रवचन रंगात आलं की नेमकं तेव्हाच मोठ्याने नाक शिंकरणारी. तिच्याबद्दलच्या निम्म्या चहाड्या गावात मीच पसरवल्यात. पण त्या हिवाळ्यात तिच्या आवारात जे झालं, ते आठवलं की अजून माझं टाळकं सणकतं.

तिच्या कुंपणाच्या आत एक पाइन होता, दोघांच्या कवेत न मावणारा. एक दिवस समुद्रापलीकडच्या राजाचा माणूस आला, बुंध्यावर कुऱ्हाडीचे तीन घाव घालून बाणाची खूण केली आणि चालता झाला. झालं! झाड राजाचं. त्याच्या जहाजाला डोलकाठी हवी होती. जमीन केझायाची, सावलीत खुरटणारा मका केझायाचा, आणि फांदीला हात लावला तर दंडही केझायालाच!

फेब्रुवारीत तोडणारी टोळी आली. ओढायला बैलांच्या तीस जोड्या, त्यात एक माझी. एवढं उंच झाड पडताना स्वतःच्याच वजनाने मोडतं, म्हणून आधी बर्फावर झाडंझुडपं अंथरून गादी करावी लागते. मुकादम ओबेद रँडलेटने केझायाच्या सफरचंदाच्या बागेकडे बोट दाखवलं.

"ही सगळी आडवी करा. मस्त गादी होईल."

"अरे मेल्या, सोळा वर्षं वाढवलीत ती!" केझाया धावली. "विधवा बाई मी, त्यांच्या रसाची सायडर दारू विकून वर्षभर जगते!"

"राजाच्या डोलकाठीपुढे तुमच्या सायडरचं काय घेऊन बसलात, काकू?"

"मग राजाला म्हणावं, ये इथे आणि थंडीत कुडकुडत स्वतः तोड!"

टोळी खिदळली. मीही हसलो; सांगायला लाज वाटते.

तिने हात केला. "पलीकडच्या उतारावर पाड. कमरेएवढा बर्फ आहे तिथे. झुडपं हवी तेवढी घे."

ओबेदने तिथे एका जागी काठी खुपसली. सरळ आत गेली. "खाली काही नाही ना?"

"झाड राजाचं, तुम्ही राजाची शहाणी माणसं. बायकांना काय विचारता?"

"तेही खरंच," म्हणत तो पोट धरून हसला.

त्या बर्फाखाली बसलेल्या डुकराएवढा धोंडा होता. दोन वर्षांपूर्वी तिची जमीन नांगरताना माझा फाळ त्याच्यावरच तुटला होता. केझायाने माझ्याकडे असं पाहिलं, की मी मुकाट्याने बैलाची मान खाजवू लागलो.

पाइन पडला, आणि मधोमध काडकन दोन तुकडे! ओबेदचा चेहरा लालभडक झाला.

"थेरडे, तुला माहीत होतं!"

"धोंडा देवाने ठेवलाय. कर त्याला दंड!"

तो कुऱ्हाड घेऊन बागेत घुसला. डोलकाठी तर गेलीच होती. आता कुणाला गादी हवी होती? नुसत्या खुन्नसने फळझाडं पाडत सुटला नालायक! केझाया किंचाळत होती आणि तीस जोड्यांचे तीस बाप्ये पुतळ्यासारखे उभे. सहाव्या झाडाला मी पुढे झालो, त्याच्या हातातली कुऱ्हाड हिसकली आणि त्याला बर्फात ढकलला. मग बाकीच्यांनाही हात फुटले. टोळी तशीच परत गेली.

मला वाटलं, बाई आभार मानेल. ती पडलेल्या झाडाजवळ बसली होती. मान वर न करता म्हणाली, "पाच पडेपर्यंत काय बैलाचे कुल्ले बघत होतास?"